आधीच बांधलेलं कॉलेज

"साहेब, आपका कॉलेज तो पहले से बना हुआ है."

रामजीभाई मिस्त्री चरात कमरेएवढा उतरून उभा होता आणि वर माझ्याकडे बघत होता. हा माणूस कच्छहून आलेला, देहाने लोखंडी कपाट, आणि आवाज असा की तो भाईंदरच्या खाडीवर खोकला तर पलीकडे वसईला लोक खिडक्या लावून घेत. त्या दिवशी मात्र तो कुजबुजत होता. मला पहिली भीती त्या कुजबुजण्याचीच वाटली. चरात काय आहे ते मी नंतर पाहिलं.

चरात जोतं होतं. जोतं म्हणजे घराच्या भिंती जिच्यावर उभ्या राहतात ती दगडी बैठक. घडीव काळा दगड, चुन्यात बसवलेला. आम्ही जमिनीवर पांढऱ्या फक्कीने जी रेघ मारली होती, तिच्या बरोबर खाली. आसपास नव्हे, समांतर नव्हे, बरोबर खाली. रेघ जिथे काटकोनात वळत होती तिथे दगडही वळत होता. मी आयुष्यातली पहिली इमारत बांधायला गेलो होतो, आणि ती कोणीतरी माझ्याआधी बांधून, राहून, मोडून, वर माती लोटून मोकळं झालं होतं.

मी पुढे कुलगुरू झालो हे वाचकांपैकी काहींना माहीत असेल. नसेल तर आता झालं. जिथे जाईन तिथे लोक विचारतात, "सर, आर्किटेक्चरचा मास्तर विद्यापीठाच्या खुर्चीवर पोचला कसा?" मी माणूस बघून उत्तर देतो. मंत्री असला तर विद्वत्ता, नातेवाईक असला तर नशीब. खरं उत्तर उत्तनच्या पुढच्या एका टेकडीवर आहे. पाड्याचं नाव सांगणार नाही, कारण तिथली माणसं अजून मला सुके बोंबील पाठवतात आणि ते मला बंद व्हायला नको आहेत.

साठचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईच्या एका कॉलेजात आर्किटेक्चर शिकवत होतो. माझे विद्यार्थी गगनाला भोकं पाडणाऱ्या इमारती बांधत होते आणि मी स्वतः कोंबडीचं खुराडंही बांधलेलं नव्हतं. स्टाफरूममध्ये यावर विनोद होत. सगळ्यात मोठ्याने मीच हसायचो, म्हणजे इतरांना जास्त हसता येत नसे.

अशात म्हात्रे गुरुजी आले. राई गावचे निवृत्त हेडमास्तर. धोतर, काळा कोट, आणि डोळ्यांत अशी आग की समोरच्याने विडी पेटवून घ्यावी. या सगळ्या किनारपट्टीवर तेव्हा कॉलेज नव्हतं. पोरगे कसेबसे गाडीने मुंबई गाठत. मुली मॅट्रिक झाल्या की घरी. गुरुजींची थोरली गणितात अख्ख्या तालुक्याला पाणी पाजणारी, तीही घरी बसली आणि लग्न होऊन गेली. धाकटी सुमन त्या वर्षी मॅट्रिकला होती.

"सर, थोरलीला मी काही देऊ शकलो नाही," ते म्हणाले. "धाकटीच्या आधी कॉलेज उभं करीन, नाहीतर गुरुजी म्हणवून घेणार नाही."

ट्रस्ट झाला. जमीन मिळाली. विद्यापीठाने अट घातली की पाहणी समिती येईल त्या दिवशी जोतं पूर्ण दिसलं पाहिजे. दिसलं तर जूनपासून वर्ग सुरू, नाही तर अर्ज फाइलबंद. नकाशा फुकट करून देणारा प्रोफेसर हवा होता. मी मिळालो.

जमीन बघून मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. टेकडीचा सपाट माथा, खाली समुद्र, वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळी, पलीकडे दूर भाईंदरची मिठागरं आरशासारखी पसरलेली. अशी जागा पाड्याने ट्रस्टला नुसती देऊन टाकली होती. आमच्याकडे माणूस वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाशी बोलणं सोडतो, आणि इथे अख्खा माथा फुकट! यात काही विचारण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही. गुरुजींनाही वाटलं नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीला शिकलेली माणसं प्रश्न विचारत नाहीत.

नकाशा झाला. मधे चौक, चारी बाजूंनी वर्ग, पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून रुंद पायऱ्या आणि मुख्य दरवाजा. त्या पायऱ्यांवर मी इतका खूश होतो की झोपेत चढायचो. दिवाळी झाल्यावर आम्ही लाइन-आउट केलं. म्हणजे कागदावरचा नकाशा जमिनीवर उतरवायचा: खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, दोरीखाली फक्की टाकायची, आणि त्या पांढऱ्या रेघांवर पाया खणायचा. खणायला पाड्यातलीच माणसं होती, गवंडी रामजीभाईचे कच्छी.

आणि आता रामजीभाई चरात उभा होता.

"दुसरा कोपरा खणा," मी म्हणालो.

दुसरा कोपरा खणला. जोतं. तिसरा खणला. जोतं. मधल्या चौकाची कड खणली, तिथेही दगड. नैर्ऋत्येला मी एक लहानशी खोली काढली होती, नाव सुचेना म्हणून तिच्यावर 'सामान' असं लिहिलं होतं. ती खोलीसुद्धा खाली होती. मी अतिशयोक्ती करतो अशी माझी ख्याती आहे. आमच्या घरात मी पाऊस पडतोय म्हणालो तर लोक बाहेर जाऊन बघून येतात. पण इथे मी कमी करून सांगतोय.

टळटळीत दुपार होती. ऊन असं की सावल्या पायाखाली लपल्या होत्या. पाड्यातल्या मजुरांनी एकेक करून कुदळी खाली ठेवल्या. आपटल्या नाहीत. झोपलेल्या माणसाशेजारी ठेवाव्यात तशा ठेवल्या. बायकांनी पाट्या उपड्या घातल्या आणि सगळे चालू लागले.

"अरे, कुठे निघालात? जेवणाची सुट्टी झाली नाही अजून!" मी ओरडलो.

कोणी वळून पाहिलं नाही. पण ते कसे गेले ते मी पाहिलं, आणि तिथे माझी ट्यूब पेटली.

पाडा टेकडीच्या खाली पश्चिमेला. ज्याला खाली जायचंय त्याने मोकळ्या माथ्यावरून सरळ जावं. झाड नाही, खडक नाही, कुंपण नाही. पण ही माणसं उत्तरेच्या कडेने गेली, कोपऱ्यावर काटकोनात वळली, मग पश्चिमेला आल्यावर भलताच मोठा वळसा घेऊन, टेकडीच्या अगदी काठावरून, उताराला लागली. रिकाम्या जमिनीला वळसा घालून. तिथे वाटच तशी होती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी दगडासारखी घट्ट झालेली.

मी हसत सुटलो. शेजारी उभ्या गुरुजींना वाटलं, गेला प्रोफेसर.

"गुरुजी, भूत वगैरे काही नाही! मी वर्गात मुलांना कानीकपाळी ओरडतो, की जागेवर गेलात की आधी लोकांची वाट बघा, लोक चालतात ती वाट तोडू नका. मी स्वतः तेच केलं. ही वाट टाळून जेवढी जागा उरते त्यात नकाशा बसवला. आणि वाट अशी वळते कारण कधीकाळी इथे घर होतं. घर गेलं, वाट राहिली. मी वाटेवरून नकाशा काढला म्हणजे त्या घरावरूनच काढला. साधं आहे!"

"आणि ती सामानाची खोली?" गुरुजींनी विचारलं.

याचं स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही. मी विषय बदलला.

"घर कधी गेलं?" मी म्हणालो.

"मला काय ठाऊक? मी राईचा. पण आमच्या आजोबांच्या वेळीही माथा रिकामाच होता म्हणतात."

तेव्हा आमच्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. आज जिवंत असलेल्या कोणीच ते घर पाहिलेलं नव्हतं. मग ही माणसं कशाला वळसा घालत होती?

आम्ही खाली गेलो. पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं नाव मार्थाबाय. बोंबील वाळत घालण्याच्या बांबूच्या मांडवाखाली बसली होती. बोंबलाची जोडी एकमेकांच्या जबड्यात अडकवायची आणि दोरीवर टाकायची, हे काम ती न बघता करत होती. वय विचाराल तर मला वाटतं समुद्र तिच्यानंतर आला असावा.

"मार्थाबाय," गुरुजी म्हणाले, "माणसं काम टाकून आली. माथ्यावर काय आहे?"

"घर हाय."

"घर होतं म्हणायचंय तुम्हाला," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तू मास्तर ना? मंग नीट ऐकत जा. घर हाय."

"दिसत तर नाही."

"वारा दिसतो तुला? शीड फुगतं तवा कलतं ना?"

बायकोखेरीज मला गप्प करणारी ती पहिलीच.

"दावतंस का बाय?" गुरुजी तिच्या बोलीत शिरले.

ती उठली. पदर सारखा केला, गळ्यातला क्रूस ओठांना लावला आणि आमच्या पुढे चढ चढू लागली. माथ्यावर आल्यावर ती वाट सोडेना. फक्कीच्या रेघेच्या आत पाय टाकेना. उत्तरेच्या बाजूने चालताना ती आतल्या रिकाम्या जागेकडे बघतही नव्हती, पण एका ठिकाणी तिने मान खाली घातली. आपण खालून जातो ना कोणाच्या उघड्या खिडकीच्या, आत माणसं असताना, तशी.

पश्चिमेला ती थांबली. काठावर, पार लांब. तिथून तिने बोट दाखवलं. बोट बरोबर माझ्या मुख्य दरवाज्याकडे होतं.

"तिथं दार हाय. समोरशी जायचं न्हाय."

"का?"

"हाक येल. हाक आली तं ओ द्यावी लागंल."

आणि ती जशी आली तशी वळशाने खाली निघून गेली. समुद्रावरून वारा येत होता, सुक्या मासळीचा वास येत होता, ऊन लख्ख होतं, आणि मी माझ्या लाडक्या पायऱ्यांच्या जागेवर उभा होतो. मी दोन पावलं बाजूला सरकलो. सहज.

"खणा इथे," मी रामजीभाईला म्हणालो.

"साहेब, हमको वापस कच्छ जाना है. जिंदा."

"अहो, दगड आहेत!"

"दगड मालूम है हमको. दगड के पीछे का नहीं मालूम."

शेवटी त्याच्याच दोन गवंड्यांनी खणलं. कुदळ हळू, फावडं हळू. आधी उंबरा लागला, एका अखंड दगडाचा, मधे पावलांनी झिजलेला. आणि उंबऱ्यावर भिंत लागली. कमरेएवढी, वरची ढासळलेली. दारातच भिंत.

आता जरा धंद्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दगडी भिंत बांधताना गवंडी एका बाजूला उभा असतो. त्याच्या बाजूचे सांधे तो थापीने नीट भरून सारखे करतो. याला दर्जा भरणं म्हणतात. दुसऱ्या बाजूला मात्र चुना जसा दाबून बाहेर येतो तसाच वेडावाकडा वाळतो. त्यामुळे शंभर वर्षांनीही भिंत बघून सांगता येतं की बांधणारा कुठल्या बाजूला उभा होता. पहिल्या वर्षाच्या पोराला मी हे शिकवतो.

दर्जा बाहेरच्या बाजूने भरलेला होता. नीट, घाई न करता.

"म्हणजे दार बाहेरून बंद केलं," गुरुजी म्हणाले.

रामजीभाई आतल्या बाजूला उतरला होता. तो बसला, हाताने माती झाडली आणि मला बोटाने खुणावलं. मी आत उतरलो. आतल्या बाजूला बाहेर आलेला वेडावाकडा चुना असायला हवा होता. तो नव्हता. सांध्यांतला चुना खरवडून काढलेला होता. एका दगडाच्या चारी बाजूंनी, बोटभर खोल. मग शेजारच्या दगडाच्या. ओळीने, बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर. आणि एका कोपऱ्यात, उंबऱ्याला लागून, अगदी खाली. तिथे मोठ्या माणसाचा हात लागला नसता. तिथे जो कोणी खरवडत होता तो फार लहान होता.

मी बडबड्या माणूस आहे. त्या दिवशी भाईंदर स्टेशनपर्यंत मी एक शब्द बोललो नाही, असं गुरुजी पुढे सगळ्यांना सांगत. कोणी विश्वास ठेवत नसे.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मार्थाबायकडून उरलेलं ऐकून आले. तिच्या आयशीच्या आयशीच्या काळातली गोष्ट. माथ्यावर गलबतांच्या मालकाचं घर होतं. तो कुठल्याशा बंदरावरून घरी आला आणि मागोमाग साथ आली. तेव्हा साथ म्हणजे गावंच्या गावं साफ. पाड्याने सभा घेतली आणि एका सकाळी सगळे मिळून दगड घेऊन वर गेले. प्रत्येकाने एकेक दगड लावला, म्हणजे नंतर कोणी कोणाला बोल लावू नये. मग आतून हाका येत. पाणी भरायला जाणाऱ्या बायका दारासमोरून जाईनात, म्हणून वाटेला वळसा पडला. एक दिवस हाका थांबल्या. वळसा तसाच राहिला.

"आता काय करायचं?" गुरुजी विचारत होते. समिती पुढच्या आठवड्यात यायची होती. मजूर नव्हते. ट्रस्टच्या बाकीच्या लोकांचा निरोप आला होता की भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून मजूर आणा, काँक्रीट ओता, विषय संपवा.

"ओतू शकतो," मी म्हणालो. "जोतं तयारच आहे, आपल्याला नुसतं वर चढवायचंय. उलट काम लवकर होईल."

"मग?"

"मग या पाड्यातली एकही मुलगी त्या दारातून आत यायची नाही. तुमचं कॉलेज कोणासाठी आहे?"

गुरुजींनी मिठागरांकडे पाहिलं. "सुमन परवा विचारत होती, बाबा, चौक असेल का हो कॉलेजात?" ते म्हणाले. "मी म्हटलं, असेल."

"ती भिंत काढली पाहिजे. मी काढणार नाही, रामजीभाई काढणार नाही, बाजारातला मजूर तर नाहीच. ज्यांनी लावली त्यांनी काढायची."

"ते सगळे मेले, सर."

"नातवंडं आहेत ना."

गुरुजी खाली गेले आणि त्यांनी पाड्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. आम्ही एक अख्खा दिवस वाट पाहिली. रामजीभाई उकिडवा बसून हनुमानाचं नाव घेत होता आणि मधे मधे मला विचारत होता, "साहेब, आपका भगवान कौन सा है? उसको भी बोलो." दुसरा दिवस दुपारपर्यंत तसाच गेला. गुरुजींचा चेहरा बघवेना. मी मनातल्या मनात नकाशा भाईंदरच्या बाजूला दुसऱ्या कुठल्या जागेवर बसतो का ते बघत होतो. समिती येईपर्यंत बसत नव्हता.

मग ते आले. होड्या ओढून ठेवून, बोंबील दोरीवर तसेच सोडून, सगळा पाडा. हिंदू घरं, क्रिस्ती घरं, सगळी. पुढे मार्थाबाय. काठापर्यंत वळशाच्या वाटेने आले आणि तिथे उभे राहिले. दारापासून लांब. कोणी हलेना. एवढा जमाव आणि एक पोर रडत नव्हतं, एक माणूस खाकरत नव्हता. खाली समुद्र असूनही मला समुद्राचा आवाज येत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेची किंमत ज्याने त्याने ठरवावी.

मार्थाबाय वाट सोडून पुढे निघाली. सरळ. दारासमोरून. तिच्या पायांना ती जमीन माहीत नव्हती हे दिसत होतं, आंधळ्यासारखी चाचपत आली. भिंतीपाशी वाकली, वरचा दगड दोन्ही हातांनी हलवला, उचलला आणि पोटाशी धरून बाजूला गेली. तिच्यामागे एका होडीचा तांडेल आला. मग एक बाई. मग रांगच लागली. प्रत्येकाने एक दगड. कोणी दुसरा उचलला नाही.

शेवटचा दगड निघाला तेव्हा वारा आला. दुपारचा वारा तिथे नेहमी समुद्राकडून असतो, कोणाही खलाशाला विचारा. हा आतून आला. ज्या घराला छप्पर नाही, भिंती नाहीत, त्या घराच्या दारातून बाहेर आला आणि सगळ्यांचे पदर समुद्राकडे उडाले. थंडगार होता. मग पडला.

कोणी हाक मारली नव्हती. तरी मार्थाबाय उंबऱ्यापाशी उभी राहून, शेजारणीला द्यावी तशी, हळूच म्हणाली, "ओ."

मागून सगळा पाडा म्हणाला, "ओ."

रामजीभाईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की तिथे त्याची पाच बोटं महिनाभर होती. बायकोने चौकशी केली. मी खरं सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाड्याची माणसं कामावर आली. जुन्या जोत्यावर नवं चढवलं. समिती आली त्या सकाळी रामजीभाई शेवटच्या सांध्यावर पाणी मारत होता. समितीचे अध्यक्ष गणिताचे एक वयस्कर प्राध्यापक होते, हसू म्हणजे काय हे त्यांना कोणीतरी सिद्ध करून दाखवावं लागलं असतं. ते जोत्याभोवती फिरले, दगडाला काठीने टकटक केलं.

"प्रोफेसर, हे तुम्ही इतक्या लवकर बांधलंत?"

"नाही सर. बरंचसं आधीच बांधलेलं होतं."

"कोणी?"

मी सांगितलं. सगळं. माझ्या आयुष्यात एकदाच मी गोष्ट आहे तेवढीच सांगितली. ते ऐकत होते. गुरुजी बाजूला उभे होते, कोटाच्या शेवटच्या बटणाशी चाळा करत. अध्यक्ष गाडीत बसताना गुरुजींना एवढंच म्हणाले, "जूनमध्ये मुली येऊ देत."

मुली आल्या. पाड्यातल्याही आल्या. सुमन म्हात्रे पहिल्या तुकडीत होती. गुरुजी पहिल्या दिवशी फाटकाशी असे उभे होते की जणू स्वतःच प्रवेश घ्यायला आलेत.

मी विभागप्रमुख झालो, मग प्राचार्य. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कुलगुरूपदासाठी मुलाखतीला गेलो तर समोर तेच गणिताचे अध्यक्ष. बाकीच्यांनी धोरण, शिस्त, निधी असलं खूप काही विचारलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या नावावर इमारती किती?"

"एक, सर. तीही दुसऱ्याची."

ते हसले. मी पाहिलंय. बाकीच्या सदस्यांनी घाबरून पाणी मागवलं. त्यानंतर मला पत्र आलं.

कुलगुरू झाल्यावर त्या कॉलेजच्या ग्रंथालयाच्या उद्‌घाटनाला मला बोलावलं. भाईंदर ओळखू येईना, मिठागरांच्या कडेने इमारती उगवल्या होत्या. टेकडीवर ताशे, हार, फोटोग्राफर. समुद्राकडच्या पायऱ्यांवर तांबडा गालिचा घातलेला. स्वागताची सगळी तयारी तिथेच. मी मनाशी ठरवलं होतं की आज त्या पायऱ्या छाती काढून चढायच्या. माझ्याच आहेत. ऊन होतं, वारा समुद्राकडून होता, काही अडचण नव्हती.

आणि मग मी आत, चौकात उभा होतो. बाहेरून ताशे वाजतच होते. हारांची ताटं घेतलेल्या मुली पश्चिमेच्या दाराशी मान लांब करून वाट बघत होत्या. फोटोग्राफर धावत आला. "सर, तुम्ही आलात कुठून? आम्ही सगळे तिकडे थांबलो होतो!"

मी उत्तरेच्या लहान दारातून आलो होतो. प्राध्यापकांच्या मोरीशेजारचं, शिपायाच्या सोयीसाठी काढलेलं दार. मागे वळून पाहिलं तर ट्रस्टी, रजिस्ट्रार, नवे प्राचार्य, सगळे माझ्यामागून ओळीने तिथूनच आत येत होते. यातले निम्मे पुण्याचे. पाड्याची गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

"इथून जवळ पडतं," प्राचार्य म्हणाले. "आम्ही सगळे इथूनच येतो. मुलंही."

जवळ पडत नाही. मी स्वतः नकाशा काढलाय. चांगला वळसा पडतो.

कुलगुरू असताना मी ढीगभर आदेश काढले. त्यातले जे चालले ते सगळे असे होते की लोक आधीपासूनच तसं वागत होते आणि मी फक्त सही केली. उरलेल्यांचं काय झालं ते विचारू नका. नवा अधिकारी सल्ला मागायला आला तर मी त्याला सांगतो, आदेश काढण्याआधी जाऊन उभा राहा आणि माणसं कुठून चालतात ते बघ. का म्हणून विचारायचं असेल तर विचार, पण मग उत्तर ऐकून घरी जायची तयारी ठेव.

त्याच वर्षी कॉलेजने समुद्राकडच्या पायऱ्यांच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला होता. मी नामंजूर केला. शेरा लिहिला की पायऱ्या झिजलेल्या नाहीत.